नेट काढल्यावर उघडणारे पान

२०२३ च्या जुलै महिन्यातील तो शनिवार महागाव तालुक्यातील माणूस सहजासहजी विसरणार नाही. २२ जुलैच्या अतिवृष्टीने नदीनाल्यांनी आपली पात्रे सोडली, आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला आणि तिथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवण्याची वेळ आली. दिवसभर वाहिन्यांवर महागावचे नाव गाजत होते म्हणे. आम्ही ते पाहिले नाही. आमच्याकडे वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले होते. वीज दुसऱ्या दिवशी आली. शाळेचे नेट यायला मात्र त्यानंतर कितीतरी दिवस लागले.

त्याच दिवसांत १ ऑगस्टच्या अण्णाभाऊ साठे जयंतीची तयारी चालू होती. नववीतील एका विद्यार्थिनीकडे मुख्य भाषण होते. नेट नाही म्हणून आम्ही चिंतेत. ती मात्र निश्चिंत. "सर, माझं सगळं सेव्ह केलेलं आहे," असे तिने दोनदा सांगितले. संगणक कक्षात तिने ब्राउझर उघडला, वरच्या पट्टीतील चांदणीखालची यादी काढली आणि एकेक नाव दाबत गेली. अकरा नावे होती. अकराही वेळा पडद्यावर तोच छोटा डायनासोर येऊन उभा राहिला. पाने तिच्याजवळ नव्हतीच. पानांचे पत्ते होते. घराचा पत्ता वहीत लिहून ठेवला म्हणजे घर आपल्या मालकीचे होत नाही, हे त्या पोरीला आम्ही आधी कधी सांगितलेच नव्हते. चूक तिची नव्हती, आमची होती.

मग आम्हाला आठवले की त्याच संगणकाच्या एका कोपऱ्यात आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने अनेक वर्षांपूर्वी 'वाचन' नावाचा फोल्डर करून ठेवला होता. त्यात साठ-सत्तर पाने होती. दोनदा टिचकी मारली, आणि नेट नसताना, वाऱ्याची झुळूकही न लागता, अण्णाभाऊंवरचा एक मोठा लेख छायाचित्रासह समोर उघडला. 'फकिरा' १९५९ साली आली आणि ती बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे, हे त्या पोरीने तिथूनच टिपून घेतले. भाषण कसे झाले हा प्रश्न वेगळा. ध्वनिक्षेपक बंद होता, त्यामुळे मागच्या रांगांना काही ऐकूच गेले नाही.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक गोष्ट घर करून आहे आणि या स्मरणिकेच्या निमित्ताने ती आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे, पालकांपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावी असे आम्हाला वाटते. आपल्या समाजात अलीकडे एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते: "सगळं नेटवर आहे." ग्रंथालयासाठी वर्गणी मागायला गेलो की हे वाक्य ऐकू येते. जुन्या अंकांच्या फायली बांधून घ्यायचे म्हटले की हेच ऐकू येते. आमचे म्हणणे असे की नेटवर जे आहे ते आपल्याकडे आहे असे समजणे हा भ्रम आहे, आणि ज्या समाजाच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या विहिरीवर, दुसऱ्याच्या मर्जीने, ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यावे लागले, त्या समाजाने तरी हा भ्रम बाळगू नये.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आपापल्या आयुष्यात मागे वळून पाहावे. आज पस्तिशी-चाळिशीत असलेले आपले माजी विद्यार्थी महाविद्यालयात असताना ऑर्कुटवर रात्र-रात्र चर्चा करीत. बुद्ध आणि त्यांचा धम्म, राखीव जागा, नामांतराचा लढा, कितीतरी विषय तिथे पोरांनी आपल्या भाषेत उलगडले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. सार्वजनिक समूहांचा संग्रह काही काळ वाचण्यापुरता ठेवला होता, पुढे तोही काढून घेण्यात आला. त्याआधी २००९ मध्ये जिओसिटीज बंद होऊन सामान्य माणसांनी हौसेने बांधलेली असंख्य पाने गेली. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तपासून पाहिले, तेव्हा २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर सापडत नव्हती. म्हणजे शंभरांतली अडतीस. आपल्या गावातील शंभर घरांपैकी अडतीस घरे दहा वर्षांत जागेवरून नाहीशी झाली, तर आपण काय म्हणू?

आणि पान नाहीसे व्हायला प्रत्येक वेळी कंपनी बुडावी लागते असेही नाही. आम्ही एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीविषयक परिपत्रकाचा पत्ता पालकांना दिला होता. संकेतस्थळाची 'पुनर्रचना' झाली आणि तो पत्ता 'पान सापडले नाही' असे सांगू लागला. परिपत्रक रद्द झालेले नव्हते, फक्त दुसरीकडे हलवले होते. पण पोफाळी आणि फुलसावंगीहून एसटीने आलेल्या पालकाला ते कोण सांगणार? शिवाय नेट जाणूनबुजून बंद केले जाण्याचे प्रसंगही आपण पाहिले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच विभागात, अमरावती शहरात, इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. कारण योग्य की अयोग्य हा वाद आम्ही इथे करीत नाही. ज्याचे वाचन संपूर्णपणे नेटवर अवलंबून होते, त्याचे वाचन त्या दिवसांत थांबले, एवढेच नोंदवतो.

उपाय साधा आहे, आणि तो ब्राउझरमध्ये प्रथमपासून आहे. पान उघडे असताना कंट्रोल आणि एस ही दोन बटणे एकत्र दाबली की पान जतन करण्याची खिडकी येते. पण इथेच पहिली गफलत होते. 'वेबपेज, कम्प्लीट' हा प्रकार निवडला तर दोन वस्तू तयार होतात: एक एचटीएमएल फाइल आणि तिच्याच नावाचा, शेवटी 'फाइल्स' हा शब्द जोडलेला एक फोल्डर. चित्रे, रचना, अक्षरांची मांडणी, सगळे त्या फोल्डरमध्ये असते. मुले पेनड्राइव्हवर फक्त फाइल घेतात, फोल्डर तिथेच राहतो. मग घरी गेल्यावर पान उघडते ते चित्रांविना, विस्कटलेले. फोल्डरचे नाव बदलले तरी हाच प्रकार होतो. फाइल म्हणजे गाडीवान आणि फोल्डर म्हणजे गाडी. एकाला पुढे पाठवून दुसऱ्याला मागे ठेवून चालत नाही. दुसरा प्रकार एकाच फाइलीचा, त्याला एमएचटीएमएल म्हणतात. त्यात सगळे एकाच गाठोड्यात बांधलेले असते. क्रोम आणि एज हे ब्राउझर ते गाठोडे सोडतात, फायरफॉक्स मात्र आपल्या आपण सोडत नाही. मोबाइलवरील क्रोममध्ये डाउनलोडची खूण दाबून जतन केलेले पान याच प्रकारचे असते. म्हणून ते दुसऱ्याच्या फोनवर पाठवले तर तिथे उघडेलच याची खात्री नाही. केवळ मजकूर हवा असेल तर छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ करून ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग.

जतन केलेले पान उघडायला वेगळे काही लागत नाही. फाइलीवर दोनदा टिचकी मारावी किंवा ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि ओ दाबून फाइल निवडावी. वरच्या पट्टीत पाहिले तर तिथे संकेतस्थळाचा पत्ता नसतो; 'फाइल' या शब्दाने सुरू होणारा आपल्याच संगणकातील जागेचा पत्ता असतो. आम्ही मुलांना ही पट्टी मुद्दाम वाचायला लावतो. आपण कोणाच्या दारात उभे आहोत हे त्या एका शब्दावरून कळते.

आता दुसरी गफलत, जी आम्हालाही फार उशिरा कळली. जतन केलेले पान नेट चालू असताना उघडून पाहिले तर ते अनेकदा पूर्ण दिसते. पण त्यातील काही चित्रे, काही अक्षरे ब्राउझर त्याच क्षणी गुपचूप मूळ संकेतस्थळावरून आणत असतो. आपण समाधानाने मान डोलावतो. नेट गेले की त्या जागा रिकाम्या. शिवाय हल्ली बऱ्याच संकेतस्थळांवर चित्रे आपण खाली जाऊ तशी एकेक येतात. म्हणून जतन करण्यापूर्वी पान शेवटपर्यंत सरकवून यावे लागते. 'पुढे वाचा' असे बटण असेल तर ते आधी दाबावे लागते, नाहीतर आपण फक्त पहिला परिच्छेद साठवून बसतो. चित्रफिती तर या मार्गाने येतच नाहीत. तात्पर्य, पान जतन झाले की नाही हे जतन करताना कळतच नाही. वायफाय बंद करावे, तार काढावी आणि मग ते उघडावे. तेव्हाच खरे काय ते समजते.

याहून विचित्र अनुभव आम्हाला आला तो जुन्या सीडींचा. शाळेच्या कपाटात २००४-०५ च्या सुमारास कोणीतरी जतन केलेल्या मराठी पानांच्या दोन सीडी सापडल्या. मोठ्या आनंदाने लावल्या. फाइली शाबूत होत्या, फोल्डर जागेवर होते. पण उघडल्यावर मराठीचे एकही अक्षर नाही, नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ. त्या काळी युनिकोडचा वापर रुळलेला नव्हता. मराठी संकेतस्थळे आपापले फाँट वापरत आणि तो फाँट संगणकात असेल तरच देवनागरी दिसे. पान वाचले, पण ते वाचण्याची किल्ली हरवली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे दुःख ओळखीचे आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख शतकानुशतके उघड्यावर उभे होते, पण १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत त्यांच्याजवळून जाणाऱ्या माणसाला तो दगडावरचा ओरखडा होता. आमच्या सीडींचे प्रकरण एवढे भव्य नाही, हे मान्य. योग्य तो फाँट मिळवून किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून त्यातील बरीच पाने आम्ही सोडवली. काही अजून तशीच आहेत.

आपली परंपरा या बाबतीत फार शहाणी होती. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके त्रिपिटक मुखोद्गत ठेवले जात होते. भिक्षूंचे गट वेगवेगळे भाग पाठ करीत. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात दुष्काळ आणि परचक्र आले, पाठ असणारे भिक्षू मरू लागले. अट्ठकथेत एक कथा आहे: महानिद्देस हा ग्रंथ एकाच भिक्षूला पाठ उरला होता आणि नेमका तोच शीलाने चांगला नव्हता. थोर थेरांना त्याच्याकडे शिकायला जाणे जिवावर आले. पण ग्रंथ जाऊ नये म्हणून ते गेले, आणि त्याच्याकडून शिकले. राजा वट्टगामणीच्या काळात अलुविहारात सारे त्रिपिटक ताडपत्रांवर उतरवले गेले ते याच धास्तीतून. स्मरणावर विसंबणे आणि नेटवर विसंबणे यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत वस्तू दुसऱ्याजवळ असते आणि तो जिवंत आहे तोवरच ती आपली असते.

युआन श्वांगाची गोष्ट आमच्या वर्गात मुलांना विशेष आवडते. तो भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन निघाला. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या. तो रडत बसला नाही. त्याने माणसे पाठवून नकला करवून घेतल्या. ६४५ मध्ये चीनला पोहोचल्यावरही नालंदेच्या भिक्षूशी त्याचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि हरवलेल्या पोथ्यांची यादी पाठवून त्याने त्या पुन्हा मागितल्या. काय काय हरवले याची यादी त्याच्याकडे होती! नालंदा पुढे नष्ट झाली. तिथे वाचले जाणारे कितीतरी संस्कृत ग्रंथ आज भारतात नाहीत. चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून ते जगाला परत मिळाले. मूळ ठिकाण गेले, नकला राहिल्या.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही हाच धागा आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांच्या पुस्तकांचे सामान ज्या जहाजावर होते ते पाणतीराने बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला संग्रह समुद्रात गेला. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचे भाषण नाकारले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. १५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. व्यासपीठ दुसऱ्याचे होते, ते त्यांनी काढून घेतले. छापलेली प्रत आपली होती, ती कोणालाच काढून घेता आली नाही. जे भाषण झालेच नाही ते जगभर वाचले जाते, याचे कारण त्या १५०० प्रती होत.

महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली ती १९७९ मध्ये. नागपूरच्या वसंत मून यांनी त्यासाठी जे कष्ट उपसले त्याची कल्पना 'वस्ती' वाचणाऱ्यांना येईल. पण खंड निघाले म्हणजे खेड्यातील मुलाच्या हाती आले असे नव्हे. खंड उपलब्ध नाहीत, छपाई रखडली आहे, ही तक्रार इतकी वाढली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. या काळात आपल्या मुलांनी बाबासाहेब वाचले ते कुठून? परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंडांच्या पीडीएफ आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रा. फ्रान्सेस प्रिचेट यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ची टिपांसह मांडलेली पाने आहेत. बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले त्याच विद्यापीठाच्या पानावर महागावचा मुलगा त्यांचा ग्रंथ वाचतो, ही गोष्ट आम्हाला आजही अंगावर रोमांच आणते. ती पाने ज्यांनी मांडली त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. परंतु उद्या ती जागा बदलली तर आम्ही कोणाकडे जाणार? म्हणून ती सगळी पाने आपल्या शाळेच्या संगणकात, चित्रांसह आणि टिपांसह, नेट काढून तपासलेल्या स्थितीत ठेवली आहेत.

इथे काही सहकारी कायद्याचा मुद्दा काढतात, आणि तो काढायलाच हवा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९५६ नंतर साठ वर्षे म्हणजे बाबासाहेबांचे प्रकाशित लेखन २०१७ च्या आरंभी सर्वांसाठी खुले झाले. इतरांचे लेख मात्र इतरांचे आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी पान जतन करणे वेगळे आणि ते आपल्या नावावर खपवणे किंवा छापून विकणे वेगळे. स्मरणिकांमध्ये दुसऱ्यांचे लेख नाव न घालता येतात हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. या स्मरणिकेच्या संपादकांनी तसे काही येऊ दिले नसावे अशी आशा आहे.

जतन केलेल्या पानाचा आणखी एक उपयोग आहे आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हाला तो सर्वांत मोलाचा वाटतो. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आमच्या मोबाइलवर बाबासाहेबांची 'वचने' येतात. सुंदर पार्श्वभूमी, निळी अक्षरे, खाली त्यांचे नाव. त्यांतली कित्येक त्यांनी कधीही उच्चारलेली नाहीत. मुले ती भाषणांत घेतात, आणि विचारले की "नेटवर होतं" म्हणतात. कुठे होते, कधी होते, कोणी लिहिले होते? उत्तर नसते. याउलट क्रोममधून जतन केलेल्या एचटीएमएल फाइलीच्या पोटात, अगदी आरंभीच्या ओळींत, ते पान कोणत्या पत्त्यावरून घेतले हे लिहिलेले असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडले तर ती ओळ दिसते. एमएचटीएमएल फाइलीत तर पत्त्याबरोबर तारीखही असते. ज्याला आम्ही अस्सल कागदाचा ठावठिकाणा म्हणतो तो इथे आपोआप सोबत येतो. पडद्याचा फोटो काढून ठेवला तर यातले काहीच येत नाही, आणि आपली मुले मात्र फोटोच काढतात. ज्या महापुरुषाने प्रत्येक विधानाला आधार देण्यासाठी ग्रंथांचे डोंगर उपसले, त्याच्या नावावर बिनपत्त्याची वाक्ये फिरवणे हा त्याचा गौरव नव्हे. हे आम्ही कठोरपणे म्हणतो, कारण हे करणारी आपलीच माणसे आहेत.

कोणी म्हणेल, जगात इंटरनेट अर्काइव्हसारखी प्रचंड संस्था आहेच की, १९९६ पासून ती पाने साठवते आहे. आपण कशाला खटाटोप करायचा? ती संस्था थोर आहे यात वाद नाही, आणि हरवलेला पत्ता तिथे जाऊन शोधावा हे आम्ही मुलांना शिकवतो. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये तीच भारतात काही काळ उघडेनाशी झाली होती, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ती सर्व जगासाठी काही दिवस बंद पडली. शिवाय तिलाही पोहोचायला नेटच लागते. ज्यांना संपूर्ण मराठी विकिपीडिया नेटशिवाय हवा असेल त्यांच्यासाठी किविक्स नावाची मोफत सोय आहे. एका पेनड्राइव्हवर सारा विकिपीडिया मावतो. ती आम्ही बसवून घेतली आहे. सुट्टीत आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या एका मुलाने तो फोनमध्ये भरून नेला आणि परत आल्यावर आम्हालाच चंद्राच्या कलांवर प्रश्न विचारले. आमचा विषय इतिहास असल्याने आम्ही त्याला विज्ञानाच्या मॅडमकडे पाठवले.

आता शाळेत काय चालते ते थोडक्यात. प्रत्येक पानाला विषय आणि तारीख यांचे नाव दिले जाते, कारण ब्राउझर आपण होऊन जे लांबलचक नाव देतो त्यावरून वर्षभराने काहीच कळत नाही. संगणकातील संग्रहाची दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर असते आणि ती डिस्क संगणक कक्षात नव्हे, वसतिगृहाच्या कपाटात असते. एका छपराखाली दोन्ही ठेवल्या तर गळक्या पावसाळ्यात दोन्ही जायच्या. आणि दर पौर्णिमेला, सायंकाळच्या वंदनेनंतर, दोन विद्यार्थी वायफाय बंद करून कोणतीही चाळीस पाने उघडतात. जे पान उघडत नाही किंवा अर्धवट उघडते ते एका वहीत लिहिले जाते. वही साधी आहे, दोनशे पानी. युआन श्वांगाची यादी आमच्या डोक्यात होती हे खरे, पण मुलांना ते सांगितले तेव्हा त्यांनी वहीवर त्याचेच चित्र काढले, पाठीवर पोथ्यांचा बोजा आणि वर छत्री.

गेल्या पौर्णिमेला चाळीसपैकी चौतीस पाने पूर्ण उघडली. सहा नावे वहीत गेली. त्यांतल्या पाचांचे मूळ अजून नेटवर आहे, ती पुन्हा नीट उतरवून घेता आली. सहावा विदर्भातील आंबेडकरी जलशांवरचा एक लेख होता, कलावंतांच्या छायाचित्रांसह. आमच्याकडच्या फाइलीचा फोल्डर कधीतरी कोणाच्या हातून गाळला गेला, त्यामुळे मजकूर आहे, छायाचित्रे नाहीत. आणि मूळ पत्त्यावर गेले तर आता भलतीच जाहिरात उघडते. आपल्यापैकी कोणी २०१८-१९ च्या आधी तो लेख जतन केला असेल, जुन्या लॅपटॉपमध्ये, बंद पडलेल्या फोनच्या कार्डात, कुठेही, तर माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना तो घेऊन यावा. फाइल आणि फोल्डर, दोन्ही.